आजच्या पाण्याचा संशय

कोल्हापूर, सोमवार रात्र

पावसाळा लागला की ओसीडीतल्या (म्हणजे मंत्रचळ, नको तो विचार पुन्हा पुन्हा येऊन तीच कृती परत परत करायला लावणारा आजार) संशयाला आयतं खाद्य मिळतं. पंचगंगा गढूळ होते, पेपरात काविळीच्या बातम्या येतात, पाणी उकळून प्या असं जो तो सांगतो. सांगणं योग्यच आहे. म्हणूनच या आजारातला विचार नेमका कुठे घसरतो, हे पाण्याच्या उदाहरणावरून लिहून ठेवावंसं वाटलं.

समजा, एका घरात ताईंनी पाणी गॅसवर ठेवलं. खळखळून उकळी आली, वर एक मिनिट गेलं, गॅस बंद केला. इथे काम संपलं. तेवढ्यात मनात येतं, ‘नीट उकळलं नसेल तर?’ पातेलं पुन्हा गॅसवर. मग तिसऱ्यांदा. मग नवऱ्याला विचारणं, मग तांब्या परत घासणं.

आपण बहुधा भीतीपासून मोजायला लागतो. पण भीती हा मधला मणका आहे. क्रम असा: पातेलं दिसतं, संशय येतो, संशयातून परिणाम डोळ्यांपुढे उभा राहतो (मुलांना कावीळ होईल), मग भीती, मग पुन्हा उकळणं. संशय खोटा ठरला तर पुढची सगळी साखळी आपोआप गळून पडते. मॉन्ट्रियलमधले मानसशास्त्रज्ञ कीरन ओ’कॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकापासून जी उपचारपद्धत उभी केली, ती भीतीवर नाही, तर त्याआधीच्या या संशयाच्या मणक्यावर काम करते. तिला आय-सीबीटी म्हणतात, म्हणजे अनुमानावर आधारलेली सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा मानसोपचार). फ्रेडरिक आर्डेमा यांनी ती पुढे नेली. साधारण 12 टप्प्यांत ती शिकवली जाते.

पहिलं काम लिहिण्याचं. संशय खरा वाटावा म्हणून मन जे जे पुरावे देतं ते एकाखाली एक, काही न गाळता लिहायचे. ताईंचा कागद असा होईल:

2012 साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. नदीत सांडपाणी मिसळतं. विषाणू डोळ्यांना दिसत नाहीत. मावशींच्या शेजारी एकाला कावीळ झाली, तो म्हणे पाणी उकळूनच प्यायचा. मागे एकदा माझ्याकडून पातेलं लवकर उतरवलं गेलं होतं. माणूस आहे, चूक होऊ शकते. तेव्हा आजचं हे पाणी उकळलेलं नसेल.

प्रत्येक ओळीपुढे ती कुठून आली ते लिहायचं: बातमी, सर्वसाधारण माहिती, ऐकीव गोष्ट, जुना अनुभव, नुसती शक्यता. आता नीट पाहिलं तर शेवटची ओळ सोडून जवळजवळ सगळं खरं आहे, आणि त्यातलं काहीही या पातेल्याबद्दल नाही. साथ 2012 ची, गाव दुसरं, मावशींचा शेजारी दुसरा. खरी माहिती चुकीच्या जागी आणून बसवली की कल्पनेला पुराव्याचं वजन येतं. या पातेल्याबद्दलचा एकमेव पुरावा म्हणजे डोळ्यांनी पाहिलेली उकळी, आणि कागदावर नेमकी तीच नाही. माझ्या मते अख्ख्या उपचारातली सगळ्यात मोलाची जागा ही. माणूस मूर्ख नसतो, उलट फार काळजीपूर्वक तर्क करत असतो. फक्त समोरचं सोडून दुसरीकडचं घेऊन तर्क करतो.

बुधवार

‘मग संशय घ्यायचाच नाही का?’ हा प्रश्न हमखास येतो. घ्यायचा, पण त्याला आत्ताचा, इथला आधार हवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा पातळी, 43 ला धोका पातळी. आकडा 41 झाल्यावर नदीकाठच्या सुतार मळ्यातला माणूस सामान हलवावं का म्हणून विचारात पडला, तर तो साधा संशय. त्याला मोजपट्टीचा आधार आहे आणि नवा आकडा आला की तो मिटतो. ओसीडीचा संशय माहिती मिळाली की वाढतो. तिसऱ्यांदा उकळल्यावर पहिल्यापेक्षा खात्री कमीच असते.

दुसरी खूण म्हणजे निवड. याच ताई गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध ग्लासभर पितात, मनात काही येत नाही. (ते दूध कच्चं असतं, खरा धोका तिथेच जास्त.) म्हणजे स्वच्छतेचं भान सगळीकडे सारखं नाही. संशय एका ठरावीक जागीच येतो, आणि ती जागा बहुतेक वेळा ‘मी तसा माणूस तर नाही ना’ या भीतीशी बांधलेली असते. ताईंच्या बाबतीत ती भीती ‘मी निष्काळजी आई ठरेन’ अशी असू शकते. तेव्हा मुलांसाठी रोज प्रत्यक्षात काय काय केलं जातं हेही कागदावर यायला हवं: डबा, लसी, अभ्यास. अंबाबाईच्या रांगेत वाईटसाईट शब्द मनात येऊन हादरणाऱ्या भाविकाचंही असंच. ज्याला देवीबद्दल आस्था नाही त्याला तो विचार छळत नाही.

दुसरा कागद पर्यायी गोष्टीचा. ती फक्त इंद्रियांनी कळलेल्यावर उभी करायची: पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे आले, मग मधून खळखळ, झाकण थडथडलं, वाफ हाताला लागली, मी गॅस बंद केला. शांत वेळी रोज दहा मिनिटं दोन्ही कागद वाचायचे. ऐन संशयाच्या भरात नाही, कारण तेव्हा तो कागदच खात्री करून घेण्याचं नवं साधन होतो.

चुका इथेच होतात. डोळ्यांवर विश्वास ठेवा म्हटलं की काही जण पातेल्याकडे टक लावून बसतात. ती पुन्हा तपासणीच झाली. जसं आपण दुधाचा चहा उतू जाण्याआधी सहज बघतो, तितकंच आणि एकदाच बघायचं. त्यानंतर काहीतरी अपुरं राहिल्यासारखं आत वाटत राहतं. ते घालवायला काही करायचं नाही, पाणी गाळून भरून ठेवायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. दुसरी चूक टक्केवारीची: ‘कावीळ होण्याची शक्यता किती?’ ही चर्चा सुरू केली म्हणजे संशय मान्यच केला. शक्यता तर कशाचीही असते. प्रश्न एवढाच की आज, इथे, हा संशय घ्यायला काय दिसलं?

घरच्यांचं अवघड असतं. ‘अहो, उकळलंय ना?’ याला ‘हो गं बाई, उकळलंय’ म्हणणं सोपं, पण दहा मिनिटांत तोच प्रश्न परत येतो. ‘तुला त्रास होतोय ते कळतंय. पण याचं उत्तर मी द्यायचं नाही असं आपलं ठरलंय ना?’ असं आधी ठरवून, मऊपणाने म्हणावं. अचानक एके दिवशी गप्प बसणं म्हणजे शिक्षा वाटते.

गुरुवार

एक गोष्ट राहिली. ओसीडीवर सगळ्यात जास्त अभ्यास झालेली मानसोपचार पद्धत अजूनही ईआरपी आहे, म्हणजे भीतीला सामोरं जायचं आणि कृती रोखायची. तिची सुरुवात 1966 मध्ये व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये केली. ज्यांना ती झेपत नाही किंवा अर्ध्यावर सुटते, त्यांना आय-सीबीटीची वाट आहे. औषधं चालू असतील तर ती या कागदांच्या भरवशावर बंद करायची नाहीत. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांना ओसीडीत बऱ्याचदा जास्त डोस लागतो आणि गुण यायला 8 ते 12 आठवडे जातात. चौथ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणारे फार. थेरपिस्ट निवडताना मंत्रचळावर काम करण्याचं प्रशिक्षण घेतलंय का, हे सरळ विचारावं. कुठून सुरुवात करायची हे सुचत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

पाण्याचा संशय मावळला की तो कधी गॅसच्या रेग्युलेटरवर जातो, कधी दाराच्या कुलपावर. तेव्हा गोष्ट वेगळी दिसली तरी नवा कोरा कागद घेऊन त्याच तीन प्रश्नांनी सुरुवात करावी: हे कुठून आलं, ते या कुलपाबद्दल आहे का, आणि मी स्वतः काय पाहिलं?