पहाटे आकडा चढतो, दुपारी उतरतो

आज हवेच्या प्रदूषणाच्या सेन्सरचा आलेख पाहणाऱ्यांसाठी: पीएम २.५ (हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दुपारी उतरलं म्हणजे गाड्या कमी झाल्या असं नाही. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची थंड हवा तळाशीच बसते आणि धुराला वर जायला वाट उरत नाही. ऊन तापलं की हवा मिसळण्याचा थर एक-दोन किलोमीटरपर्यंत वाढतो. तोच धूर पातळ होतो.

धूळ की धूर, हे ओळखायला पीएम २.५ ला पीएम १० ने (१० मायक्रॉनपर्यंतचे सगळे कण) भागा. उत्तर ०.३ च्या आसपास आलं तर बहुधा उडालेली माती किंवा बांधकाम, ०.७ च्या वर गेलं तर संशय जळण्यावर: डिझेल, कचरा, वणवा. फक्त हा भागाकार स्वस्त लेझर सेन्सरवरून करू नका, जाड धूळ त्यांना नीट मोजताच येत नाही. शिवाय आर्द्रता ८० टक्क्यांपुढे गेली की कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा उगाच वाढतो. धुक्यातले स्क्रीनशॉट टाकण्याआधी तेवढं बघा!

पावसाचं कौतुक मात्र जरा जास्तच होतं. सर जाड धूळ झटकन धुते, ०.१ ते १ मायक्रॉनचे कण थेंबाभोवतीच्या हवेबरोबर वळसा घालून बरेचसे निसटतात.