बीक्रिप्टची 72 बाइटची मर्यादा

बीक्रिप्ट म्हणजे पासवर्डचा हॅश (उलट फिरवता न येणारा सांकेतिक मजकूर) बनवण्याची पद्धत. त्यात सॉल्टची, म्हणजे पासवर्डमध्ये मिसळल्या जाणाऱ्या यादृच्छिक बाइटची, काळजी फारशी करावी लागत नाही. दर पासवर्डला 16 बाइटचा नवा सॉल्ट तयार होतो आणि 60 अक्षरी हॅशमध्येच साठवला जातो. खरी अडचण लांबीची. बीक्रिप्ट पहिले 72 बाइटच विचारात घेतं. उरलेला भाग अनेक लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) गुपचूप टाकून देतात. यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, काना-वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जाते. म्हणजे अशा लायब्ररीत लांब देवनागरी पासवर्डची पहिली 24 चिन्हं बरोबर असली की पुढे काहीही टाइप करा, लॉगिन होणारच! मला हे फार गंभीर वाटतं.

ही मर्यादा टाळायला आधी एसएचए-256 (कितीही लांब मजकुराचा 32 बाइटचा हॅश करणारी पद्धत) लावणार असाल तर त्याचे कच्चे बाइट बीक्रिप्टला देऊ नका. मध्येच शून्य बाइट आला की काही लायब्रऱ्या तिथेच थांबतात. बेस64 करून (बाइट साध्या अक्षरांत लिहून) 44 अक्षरं द्या. नवं काम असेल तर सरळ आर्गॉन2आयडी ही पासवर्ड हॅश करण्याची दुसरी पद्धत घ्या: किमान 19 एमआयबी (मेबीबाइट) मेमरी, 2 फेऱ्या.