भाव नंतर विचारा, आधी पाणी विचारा

मालवणजवळच्या तारकर्ली-देवबागला खोली शोधणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दिवसाला किती? माझं ठाम मत आहे की हा प्रश्न शेवटी विचारावा. इथे हजाराची खोली सुखाची ठरते आणि दोन हजारांची त्रासाची. त्याचं कारण बरेचदा फोटोत दिसत नाही, ते विहिरीत असतं.

देवबाग ही वाळूची चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि टोकाला दोघांचा संगम. पावसाचं गोडं पाणी या वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतं. उपसा वाढला की वरचा थर पातळ होतो आणि खालचं खारं पाणी वर चढतं. म्हणून डिसेंबरात बरी लागणारी विहीर एप्रिल-मेमध्ये मचूळ होते, आणि नेमके तेच दिवस भर सिझनचे. फोनवर सरळ विचारा: नळाला पाणी विहिरीचं की नळयोजनेचं? मे महिन्यात मचूळ होतं का? पिण्याचं वेगळं ठेवता का? घरमालक इथलेच असतील तर खरं सांगतात. "पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही" एवढंच उत्तर आलं तर पुन्हा विचारा.

पोचल्यावर बॅग उघडायच्या आधी न्हाणीघरात जाऊन साबणाने हात धुवा. पाणी मचूळ किंवा जड असेल तर फेस धरत नाही आणि हातावर पांढरट चिकट साका राहतो. नळाच्या तोंडाशी आणि शॉवरच्या भोकांवर पांढरी खपली दिसली तर तीच गोष्ट. दोन दिवसांसाठी मोठ्या माणसांना हे चालून जातं, केस तेवढे राठ होतात. पण तान्हं मूल बरोबर असेल किंवा कुणाला त्वचेचा त्रास असेल तर सरळ मालवण शहरात खोली घ्या. गीझर आहे एवढ्यावरही विसंबू नका. अशा पाण्यात गीझरच्या कॉइलवर क्षार चढतात आणि ती लवकर जाते, म्हणून भिंतीवर गीझर असतो पण पाणी कोमटच येतं. बंबाचं किंवा चुलीवरचं पाणी बादलीने देणारं घर असेल तर ते मला जास्त भरवशाचं वाटतं.

आता जागा. रेल्वेने येणारे बहुतेक कुडाळला उतरतात. तिथून मालवण साधारण ३० किलोमीटर. कणकवलीला उतरलात तर अंतर त्याहून जास्त. मालवणहून तारकर्ली सहा-सात किलोमीटर आणि देवबाग त्याच्याही पुढे. स्वतःची गाडी नसेल तर हा हिशोब कागदावर मांडा. समजा देवबागची खोली दिवसाला ३०० रुपयांनी स्वस्त आहे. पण सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी मालवण जेटीवरून सुटते, बाजार मालवणात, एसटी स्टँड मालवणात. दिवसातून एकदा जरी रिक्षाने जाऊन-येऊन केलंत तरी ते ३०० रुपये गेलेच म्हणून समजा. गाडी नसलेल्यांनी मालवणात, दांडी किंवा धुरीवाडा भागात राहावं आणि तारकर्लीला एसटीने जाऊन यावं. फक्त समुद्रावर लोळायला आलेल्यांनी तारकर्ली धरावी. देवबाग स्वतःची गाडी असलेल्यांसाठी. तिथेही एक विचारून घ्या: गाडी अंगणापर्यंत येते का? काही घरांकडे जाणारी पाणंद दोन दगडी गडग्यांमधून इतकी अरुंद जाते की मोठी गाडी वळत नाही. मग ती रस्त्याकडेला लावून सामान वाळूतून ओढत न्यावं लागतं.

"समुद्र समोर" या शब्दांची खातरजमा मोबाईलच्या नकाशावर उपग्रहाचं चित्र लावून करता येते. घरापासून वाळूपर्यंतचं अंतर मोजा आणि मधे दुसऱ्याचं कुंपण आहे का ते पाहा. समोर समुद्र आणि वाट मात्र वळसा घालून, असं पुष्कळदा असतं.

खोली चिऱ्याची (जांभ्या दगडाची) आणि कौलारू असेल तर मे महिन्यातही पंख्यावर झोप लागते. वरच्या मजल्यावरची स्लॅबची खोली दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते बाहेर टाकते. एसी नसेल तर अशी खोली उन्हाळ्यात घेऊ नका. एसीची घेत असाल तर वीज गेल्यावर काय चालतं ते विचारा. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, एसी चालत नाही.

गादीची कड उचलून खालून हात फिरवा. दमट असेल तर बदलून मागा. उशीला कुबट वास येत असेल तर खोली बरेच दिवस बंद होती. सप्टेंबर-ऑक्टोबरात हे फार आढळतं. खिडक्यांना जाळी हवी, नाहीतर मच्छरदाणी, कारण माडाच्या बागेत संध्याकाळी डास उठतात. आणि बाहेर पाय धुवायचा नळ हवाच. तो नसला की सगळी वाळू न्हाणीघरात येते, मोरीची जाळी तुंबते आणि दुसऱ्या दिवशी पाणी खोलीकडे वळतं. हा साधा नळ ज्या घरात आहे, तिथे बाकीच्या गोष्टीही बहुधा नीट असतात.

एकट्या बाईने येताना घरची माणसं त्याच आवारात राहतात का, हे आधी विचारावं. खोल्या एकीकडे आणि मालक दुसऱ्या वाडीत, अशी जागा टाळलेली बरी.

जेवणाचं बोलणं खोलीइतकंच काळजीने करा. घरगुती ठिकाणी मासळी त्या दिवशीच्या माणसांच्या हिशोबाने आणतात. म्हणून दुपारचं सकाळीच सांगायचं: किती ताटं, कुठला मासा. "फिश थाळी" म्हणजे बांगडा की सुरमई, तुकडी एक की दोन, सोलकढी आणि वाढीव भाकरी धरून की वेगळी, हे सगळं आधी बोलून घ्या. पापलेट आणि सुरमईचा भाव रोज हलतो, म्हणून "बाजारभावाने" असं उत्तर आलं तर आजचा आकडा विचारा. ते विचारण्यात गैर काही नाही. काही घरांत सोमवारी किंवा संकष्टीला चुलीवर मासे चढत नाहीत, श्रावणात तर नाहीच. त्या दिवशी काळ्या वाटाण्याची आमटी, आंबोळ्या, घावणे मिळतात, आणि ते जेवणही मन लावून जेवण्यासारखं असतं.

पहाटे-सकाळच्या गाडीने येणाऱ्यांनी चेक-इनची वेळ नीट ठरवावी. खोली दुपारी १२ला मिळणार आणि तुम्ही ९ला दारात, असं सहज होतं. पडवीत सामान ठेवून तोंड धुवायला, चहाला जागा मिळेल का, एवढं आदल्या दिवशी सांगितलं की घरची माणसं सोय करतात.

पैशांबाबत थोडक्यात. सगळी रक्कम आगाऊ भरू नका, एका रात्रीचं भाडं पुरे. यूपीआयवर दिसणारं नाव आणि फोनवर सांगितलेलं नाव जुळतं का ते पाहा. पैसे पाठवण्याआधी व्हिडिओ कॉलवर अंगण आणि खोली दाखवायला सांगा. खरा मालक फोन हातात घेऊन चालत दाखवतो. थेट घेतलेल्या खोलीवर जीएसटी लावला तर बिलावर नोंदणी क्रमांक हवा. बरोबर परदेशी पासपोर्टवाला नातलग असेल तर मालकाला २४ तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा सरकारी फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) भरावा लागतो. तो भरता येतो का, हे बुकिंगच्या आधीच विचारा, रात्री दारात उभं राहून नव्हे.

तारखा पाहताना आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा विसरू नका. तिची तारीख पंचांगावरून ठरत नाही, देवीच्या कौलाने ठरते आणि दर वर्षी वेगळी असते. जत्रा जाहीर झाली की रेल्वे आणि खोल्या दोन्ही भरतात. गणपतीत तर घरंच माणसांनी भरलेली असतात आणि बरेच जण खोल्या देतच नाहीत. नाताळ ते नववर्षात भाव चढतात आणि देवबागच्या एकाच रस्त्यावर गाड्या अडकून पडतात. भाव आणि हवा दोन्ही बघायचं तर जानेवारीचा मधला आठवडा, तोही सोमवार ते गुरुवार.

पावसात येणार असाल तर भाव उतरलेले मिळतात, पण काय बंद असतं ते समजून या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. पावसाळ्यात पाण्यातले खेळ आणि किल्ल्याच्या होड्याही बंद. ताटात खाडीची मासळी किंवा सुका बांगडा येतो. उधाणाला देवबागच्या किनाऱ्यालगतच्या घरांच्या अंगणापर्यंत पाणी येतं, तेव्हा खोली रस्त्याच्या बाजूची मागा. आणि कपडे वाळत घालायची दोरी आतल्या पडवीत आहे का, ते विचारून ठेवा. ओली चड्डी इथे पावसात दोन दिवस वाळत नाही.