साडेदहा मिनिटे

१९९७ च्या जुलैत मी नाशिकच्या शाळेत आठवीत होते. ४ तारखेच्या रात्री, आपल्याकडे साडेदहाच्या सुमारास, 'पाथफाइंडर' यान मंगळावर उतरलं. सोमवारी विज्ञानाच्या सरांनी फलकावर कात्रण डकवलं. दगडच दगड, आणि त्यांत सहा चाकांची इवलीशी गाडी, 'सोजर्नर'. वजन साडेदहा किलो. तिचं नाव १२ वर्षांच्या एका मुलीने निबंधस्पर्धेत सुचवलेलं. आमच्याहून वर्षाने लहान मुलगी! मधल्या सुट्टीत डबे तसेच ठेवून आम्ही फलकापुढे गर्दी केली.

मंगळावरची हवा फार विरळ, आपल्या हवेच्या जेमतेम एक टक्का. नुसत्या पॅराशूटने तिथे भागत नाही. म्हणून यानाभोवती हवेच्या पिशव्या फुगवल्या आणि ते निदान १५ टप्पे खाऊन थांबलं. आमचा काही यावर विश्वास बसेना. सरांनी रविवार कारंजावरून फुगे आणले, ४० वॅटचा बल्ब फडक्यात गुंडाळला, भोवती सुतळीने फुगे बांधले आणि पावसाची उघडीप बघून गाठोडं दुसऱ्या मजल्यावरून सोडलं. दोन फुगे फुटले. गाठोडं उसळत उसळत थेट नळापाशी गेलं.

आम्ही धावलो, पण सरांनी हात आडवा धरला. "कुणी हात लावायचा नाही. मंगळावरून संदेश यायला साडेदहा मिनिटं लागतात." ते घड्याळाकडे बघत उभे राहिले. पटांगणातली ती शांतता मला अजून आठवते. वेळ झाल्यावर बल्ब प्रयोगशाळेतल्या होल्डरला लावला. तो पेटला आणि आम्ही इतके ओरडलो, की शेजारच्या वर्गातून बाई बाहेर आल्या.

२०२१ मध्ये 'पर्सिव्हिअरन्स' यान मंगळावर उतरलं ते १९ फेब्रुवारीच्या पहाटे, अडीचच्या आसपास. गंगापूर रोडच्या घरी मी लेकीला उठवून बसवलं. संदेशाला ११ मिनिटं लागणार होती. "आई, म्हणजे आत्ता ते उतरलंसुद्धा असेल?" मी तिला बल्बची गोष्ट सांगितली. ती घड्याळ मांडीवर घेऊन बसली. उतरल्याची खूण आली तशी ती अशी किंचाळली, की आजी जागी झाली. मग तिघींनी मिळून तो पहिला धुरकट फोटो पाहिला. जमिनीवर यानाचीच सावली पडली होती.