‘दिसतंय ना सर?’ : आमच्या वाचनालयाची वेबसाइट होताना

आमचं वाचनालय तालुक्याच्या गावातलं, १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेलं, ‘ब’ वर्गाचं. मी त्याचा कार्यवाह. दोन वर्षांपूर्वी वेबसाइट करायचं ठरलं तेव्हा माझी मागणी एकच होती : हवं ते पुस्तक आमच्याकडे आहे की नाही, हे सभासदाला घरबसल्या कळलं पाहिजे. फोटो, इतिहास, कार्यकारिणीची नावं नसती तरी चाललं असतं. काम ओळखीतल्या एका डिझायनरला दिलं. होस्टिंग, रंग, मुखपृष्ठ पंधरा दिवसांत झालं, त्यातलं मला आता फारसं आठवतही नाही. आठवते ती ग्रंथसूची. तिच्यात सात महिने गेले, आणि तो राग अजून पुरता उतरलेला नाही.

एकवीस हजार नोंदी आमच्याकडे एक्सेलमध्ये तयार होत्या. ग्रंथपाल मॅडमनी बारा वर्षं खपून त्या टाइप केल्या होत्या, पण छपाईच्या कामासाठीच्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये. अशा फॉन्टमध्ये कॉम्प्युटरला मराठी कळतच नसतं. आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. फॉन्ट काढून घेतला की उरतात कंस, टक्के आणि प्रश्नचिन्हं. डिझायनरने यावर सोपा मार्ग काढला. यादीच्या एकेका पानाचं चित्र करून साइटवर चढवलं. सभेत प्रोजेक्टरवर ते इतकं सुबक दिसलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही.

रात्री फोनवर साइट उघडली, शोधायच्या चौकटीत एका लेखकाचं आडनाव टाकलं. काही नाही. दुसरं टाकलं. काही नाही. सकाळी डिझायनरला फोन केला तर उत्तर आलं, ‘‘सर, दिसतंय ना?’’ दिसत होतंच, पण सापडत नव्हतं. आमचे दोन सभासद दृष्टिहीन आहेत, ते फोनकडून पान वाचून घेतात. त्यांना त्या पानावर काहीच ऐकू येईना. हे समजावण्यात चार महिने गेले. दर वेळी ‘दिसतंय ना’, आणि दर वेळी ‘पुढच्या आठवड्यात बघतो’.

शेवटी आम्हीच बसलो. युनिकोड म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी, सगळ्या फोन-कॉम्प्युटरना कळणारी पद्धत. जुन्या फॉन्टचा मजकूर तिच्यात बदलणारे कन्व्हर्टर असतात. त्यातल्या एकातून सगळी फाईल काढली. मराठी आलं! मॅडमचे डोळे भरून आले. मग त्यांनीच पहिली चूक दाखवली : ‘आर्थिक’च्या जागी ‘आथिर्क’. खाली ‘वाषिर्क’, ‘मामिर्क’. कारण असं की जुन्या फॉन्टमध्ये आधी पहिली वेलांटी, मग अक्षर, मग डोक्यावरचा रफार, असं दिसेल तसं साठवतात. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम लागतो : आधी र्, मग थ, मग वेलांटी. वेलांटी आणि रफार एकाच अक्षरावर आले की आमचा कन्व्हर्टर चुकत होता.

डिझायनर म्हणाला, ‘‘फाइंड-रिप्लेस मारतो, पाच मिनिटांत होईल.’’ मी हात धरला. वेलांटीनंतरचा र् उचलून मागच्या अक्षराच्या आधी टाका, असा सरसकट नियम लावला तर ‘निर्णय’चा ‘र्निणय’ होईल आणि ‘शिर्डी’ची ‘र्शिडी’. त्या शब्दांत र् मुळातच वेलांटीनंतर येतो. म्हणजे नोंद न् नोंद डोळ्यांखालून घालणं आलं. मॅडम, एक निवृत्त शिक्षिका आणि मी, रोज संध्याकाळी वाचनालय बंद झाल्यावर दीड तास, असे तीन महिने बसलो. शिक्षिकाबाई मोठ्याने वाचायच्या, मॅडम दुरुस्त करायच्या. या कामाचा मला फार अभिमान आहे.

त्यातून एक गोष्ट कळली, ती आधी माहीत असती तर बरं झालं असतं. ‘ॲ’ दोन प्रकारे साठवला जातो : एकच अक्षर म्हणून, किंवा अ आणि वर चंद्र असा जोडून. ‘ऱ्या’चंही तसंच, दोन-तीन रीती आहेत. डोळ्यांना फरक कळत नाही, पण सभासद एका रीतीने टाइप करतो, नोंद दुसरीने असते आणि पुस्तक कपाटात असून ‘आढळले नाही’ येतं. आम्ही यादीत एकच रीत ठेवली, आणि शोधणाऱ्याने काहीही टाकलं तरी आधी त्या रीतीत बदलून घ्यायला सांगितलं.

तुमचं काम सुरू व्हायचं असेल तर डिझायनरला पैसे देण्याआधी तुमच्या खऱ्या मजकुरातल्या पन्नास ओळी द्या आणि त्या फोनवर शोधून दाखवायला सांगा. नमुन्याच्या इंग्रजी मजकुरावर पसंती देऊ नका. आमच्या शीर्षकांना इंग्रजीसारखं अक्षरांमधलं अंतर वाढवून दिलं होतं. त्याने शिरोरेघेचे तुकडे पडले. ओळींमधली जागा कमी होती, म्हणून वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत घुसत होते. पानाची भाषा हिंदी नोंदवलेली होती. ती मराठी करून मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असलेला फॉन्ट घेतला, तेव्हा कुठे पान आपलं वाटलं. तिरो देवनागरी मराठी हा फुकट मिळतो आणि चांगला आहे.

मुखपृष्ठावर उद्घाटनाचे पाच मोठे फोटो फिरत होते, ते मी काढायला लावले. तिथे आता वेळ, वर्गणी, पत्ता आणि बोट लावताच लागणारा फोन नंबर आहे. लोकांना तेवढंच हवं असतं.

हो, डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव. ते डिझायनरच्या नावावर आणि त्याच्याच ईमेलवर होतं, हे मला नूतनीकरणाच्या वेळी कळलं. संस्थेच्या नावावर करून घ्यायला दीड महिना लागला. हे पहिल्याच दिवशी बघा.

आणि जुन्या फॉन्टमधली मूळ फाईल पुसू नका. एखादं नाव शंकास्पद वाटलं की आम्ही अजून तीच उघडतो. दिवाळी अंकांची यादी अद्याप व्हायची आहे. शिक्षिकाबाई सोमवारपासून यायचं म्हणाल्या आहेत.