जुलैचा खड्डा झुरळांनी खणला

डेंग्यूच्या डासाची, म्हणजे एजिप्टीची, अंडी मोजायला मी पाण्याचे डबे ठेवतो; आत एक पट्टी, तिच्यावर मादी अंडी घालते. मागच्या नोंदीत मी ऐटीत त्या मोजणीतला जुलैचा खड्डा दाखवला होता. जूनच्या पहिल्या पावसानंतर एजिप्टीची अंडी चढतात, जुलैच्या झडीत आपटतात, ऑगस्टअखेर उघडीप मिळाली की पुन्हा वर. कारणही ठोकून दिलं होतं: मुसळधार पावसात डबे धुऊन निघतात. ते सगळं आता पेन्सिलीनं लिहिलंय असं समजा.

झालं असं, की कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळातले तीन आणि पाच नंबरचे डबे सलग तीन आठवडे जवळजवळ कोरे. गॅलरीत तारेला टांगलेल्या डब्यांत मात्र पट्टी नेहमीसारखी काळी ठिपकेदार. बोळात डास नाहीत म्हणावं, तर आई दुपारी तिथं भांडी घासायला बसली की घोटे खाजवत उठते.

पहिला संशय डब्याच्या वरच्या भोकावर, जादा पाणी वाहून जायला ठेवलेल्या. भोक पानानं तुंबलं की पाणी चढतं, अंडी बुडतात आणि फुटतात. पण मग पट्टीवर टोपी उडालेली टरफलं दिसायला हवीत, पाण्यात अळ्या वळवळायला हव्यात. भिंगाखाली दोन्ही नाही. पट्टी पुसल्यासारखी. मग एका शुक्रवारी पाच नंबरची पट्टी काढली, एक्केचाळीस अंडी मोजली आणि परत लावली. शनिवारी सकाळी सहाच उरलेली.

त्या रात्री अकराला टॉर्च घेऊन गेलो. गटारातलं तांबडं, चांगलं बोटभर झुरळ पट्टीवर उलटं लटकून निवांत चरत होतं. चिवड्यातले शेंगदाणे वेचावेत तसं. विषय हार्ड!

आता उपाय काय? झुरळाचा खडू बाद. त्याचं औषध डब्यात उतरलं तर मोजायला डासीणच उरायची नाही. आई म्हणाली, "अरं, ताटात पाणी घालून त्यात ठेव की डबा, मुंग्यांसाठी बरणी ठेवतो तसा." म्हणजे डासांना आणखी एक बाळंतखोली! शेवटी डब्याच्या बाहेरून दोन बोटं रुंद व्हॅसलिनचा पट्टा मारला. पावसातही टिकतो. गेल्या आठवड्यात पाच नंबरला अंडी परत दिसली. झुरळ उडून आलं तर मात्र हात टेकले.

जमिनीवरच्या डब्यांचे जुलैचे आकडे मी वहीत कंसात टाकलेत. टांगलेल्या डब्यांत खड्डा आहे, पण उथळ. आणि तोही खरा किती, हे लिहिता लिहिताच शंका आली. एजिप्टीची मादी एका खेपेची शंभरेक अंडी एकाच जागी घालत नाही, चार ठिकाणी वाटते. पावसाळ्यात करवंटी, टायर, कुंडीखालची ताटली, सगळीकडे पाणी. आपल्या डब्याचा वाटा घटणारच, डास घटले नाहीत तरी. उलट एप्रिल-मेमध्ये ओल्या जागा कमी, म्हणून आपला डबा फुगतो. आपण वाटा मोजतोय आणि हंगाम म्हणतोय.

त्यात आपल्या गावाचा हंगाम नुसता पावसावर नाही. उन्हाळ्यात पाणी दिवसाआड आलं की बॅरल भरले. २०१९ आणि २०२१ च्या पुरात उपसा केंद्रंच पाण्यात गेली, तेव्हा भर पावसात घरोघरी टँकरचं पाणी साठवलेलं. झाकण नसलेल्या बॅरलची आतली ओली भिंत म्हणजे एजिप्टीचं माहेर.

म्हणून डबे आठाचे बारा करायचा बेत रद्द. त्याऐवजी दर रविवारी डबे ओतून घासताना वीस पावलांतली पाणी साठलेली भांडीही मोजणार. शिवाय एक डाव सुचलाय: मोजलेल्या अंड्यांची पट्टी उकळत्या पाण्यात बुडवून मारायची, आणि एक व्हॅसलिनच्या डब्यात, एक साध्या डब्यात लावायची. झुरळं किती खातात ते कळेल, आणि चुकून एकही डास वाढणार नाही. उकडलेली अंडी झुरळाला चालतात का, हा प्रश्न आहेच.

पट्टीबद्दल: ऑनलाइन मागवलेला बियाणं उगवायचा कागद आठवड्यात लगदा झाला. सुताराकडचे हार्डबोर्डचे तुकडे फुकट मिळतात, खरखरीत बाजू पुढे ठेवा. मादीला ओढायला डब्यात घालतो ते पिंजर भिजवलेलं पाणी मात्र पाच-सहा दिवस मुरवलेलंच हवं, ताज्याला मादी ढुंकून बघत नाही.

आणि एक खुशखबर. फेब्रुवारीत वाळवून पाकिटात ठेवलेली पट्टी जूनमध्ये उकळून गार केलेल्या पाण्यात, बाटली काठोकाठ भरून, सोडली होती. पाण्यात हवा कमी, म्हणून अंडी तासाभरात फुटू लागली. चार महिने कोरडी राहून! बंद बरणीत वाढवले, पाठीवर वीणेची खूण, सगळे एजिप्टी. एकही पांढऱ्या सरळ रेघेचा अल्बो, म्हणजे एजिप्टीचा भाऊबंद अल्बोपिक्टस, नाही. पंख सुकताच बरणी फ्रीजरमध्ये.

उकडलेल्या पट्ट्या आज रात्री लावतोय. शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवलंय, नाहीतर टॉर्च बघून चोर म्हणून ओरडायच्या.