नॉर्थ गॉवर स्ट्रीटवरची बेकर स्ट्रीट

बीबीसीच्या ‘शेरलॉक’ मालिकेतला २२१बीचा दरवाजा बेकर स्ट्रीटवर नाही. तो भुयारी रेल्वेने दोन स्टेशनं अलीकडे, नॉर्थ गॉवर स्ट्रीटवर, १८७ नंबरच्या घराला आहे. म्हणून ही फेरी मी युस्टन स्क्वेअर स्टेशनवरून सुरू केली. होम्स मनापासून आवडणाऱ्या प्रत्येकाला मी हाच क्रम सुचवेन. बेकर स्ट्रीट शेवटी ठेवा. वेळ कमी पडला तर ती राहिली तरी चालेल.

चूक पहिल्याच पावलाला होते, ती नावांमुळे. युस्टन आणि युस्टन स्क्वेअर ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. गॉवर स्ट्रीट आणि नॉर्थ गॉवर स्ट्रीट हेही दोन वेगळे रस्ते आहेत. नकाशात नुसतं ‘गॉवर स्ट्रीट’ टाकलंत तर युस्टन रोडच्या दक्षिणेला, युनिव्हर्सिटी कॉलेजच्या दारात जाऊन पोचाल. आपल्याला हवा तो तुकडा युस्टन रोडच्या उत्तरेला आहे. स्टेशनातून बाहेर पडलं की चार-पाच मिनिटांत तुम्ही तिथे असता.

तिकिटाचंही इथेच सांगून टाकतो. कॉन्टॅक्टलेस कार्डाला दिवसभराच्या भाड्याची एक कमाल मर्यादा असते. त्यापुढचा प्रवास फुकट पडतो, पण त्यासाठी दिवसभर तेच एक कार्ड टेकवावं लागतं. सकाळी कार्ड आणि दुपारी त्याच कार्डाचं फोनमधलं पाकीट वापरलं, तर यंत्रणा ती दोन वेगळी कार्डं धरते आणि मर्यादेचा फायदा हातचा जातो. भारतातलं कार्ड असेल तर परदेशी व्यवहाराचं शुल्क किती, ते निघण्याआधी बँकेला विचारून ठेवा.

चित्रीकरणासाठी खरी बेकर स्ट्रीट का नाही घेतली? तिथे वाहनांची वर्दळ अखंड असते, आणि दुकानांच्या पाट्यांवर जिकडे तिकडे होम्सचंच नाव. ज्या जगात होम्स नावाची गोष्ट कधी लिहिलीच गेली नाही, त्या जगाचं चित्रीकरण तिथे कसं होणार? शिवाय २२१ हा नंबर मुळातच काल्पनिक. कॉनन डॉइल लिहीत होते तेव्हा बेकर स्ट्रीटचे आकडे ८५च्या आसपास संपत. आज जिथे २२१बीची पाटी आहे ते संग्रहालय प्रत्यक्षात २३७ आणि २४१ यांच्यामध्ये आहे. त्यामुळे नॉर्थ गॉवर स्ट्रीटवरचा दरवाजा खोटा म्हणायचं काही कारण नाही. दोन्ही सारखेच खरे.

शेजारचं लाल कनातीचं ‘स्पीडीज’ कॅफे मालिकेत तुम्ही दर भागात पाहिलेलं आहे. दारावर मात्र २२१बी शोधू नका. ते पितळी आकडे आणि दारावर आपटायची कडी चित्रीकरणापुरती बसवली जात असे. ती कडी आठवते ना? शेरलॉक ती तिरकी ठेवतो आणि मायक्रॉफ्ट आला की सरळ करतो. कडी सरळ दिसली की थोरला भाऊ आत आहे, हे शेरलॉकला जिना चढण्याआधीच कळतं. दारापाशी उभं राहिल्यावर लक्षात येतं की हे कॅमेऱ्यात पकडायला तो फुटपाथवर किती जवळ आणावा लागला असेल. रस्ता अरुंद आहे, पूर्ण दर्शनी भाग समोरच्या फुटपाथवरूनच चौकटीत मावतो. घर वापरातलं आहे, पायरीवर बसू नका.

दोन दारं सोडून १८३ नंबरवर निळी गोल पाटी आहे: इटलीचे क्रांतिकारक ज्युसेप्पे मॅझिनी इथे राहत होते. मराठी माणसाने इथे एक मिनिट थांबावंच. सावरकरांनी लंडनमध्ये असताना मॅझिनीच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतर केलं, ते १९०७ साली पुण्याहून प्रसिद्ध झालं. आणि कोपऱ्यावरून ड्रमंड स्ट्रीटला वळलात की भेळपुरीच्या पाट्या दिसतात. शाकाहारी लोकांनी पोटपूजा इथेच उरकून घ्यावी, पुढे पर्याय कमी.

दरवाजा लंडनचा, पण आतला जिना, पिवळा हसरा चेहरा रंगवलेली भिंत, दोन खुर्च्या, सगळं वेल्समध्ये उभारलेलं. कार्डिफजवळ अप्पर बोटला स्टुडिओ होता. या मालिकेची कल्पनाच मुळी लंडन-कार्डिफ गाडीत सुचली. मालिकेचे लेखक स्टीव्हन मॉफॅट आणि मार्क गेटिस ‘डॉक्टर हू’ या दुसऱ्या मालिकेसाठी त्या गाडीने ये-जा करत. वेळ असेल तर पॅडिंग्टनहून दोन तासांवरचं कार्डिफ एक दिवस काढून कराच. ‘द ब्लाइंड बँकर’ या भागातलं लंडनचं पुरातन वस्तुसंग्रहालय म्हणजे कार्डिफचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. प्रवेश मोफत, पण सोमवारी बंद असतं, आणि नेमके सोमवारीच जाऊन परत फिरणारे पुष्कळ असतात.

इथून रसेल स्क्वेअर पायी पंधरा-वीस मिनिटं. पहिल्या भागात जॉन वॉटसनला जुना मित्र स्टॅमफर्ड भेटतो तो याच बागेत. १८८७च्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये ही भेट पिकॅडिलीच्या क्रायटेरियन बारमध्ये होते. मालिकेत दोघं बाकावर कॉफी पितात आणि कागदी पेल्यांवर ‘क्रायटेरियन’ लिहिलेलं असतं. मूळ पुस्तक वाचलेल्याला खूण पटावी, न वाचलेल्याचं काही अडू नये, इतक्या बेताने केलेलं काम आहे हे. रूपांतर करावं तर असं.

वॉटसनचं अफगाणिस्तान तर बदलावंच लागलं नाही. मूळ वॉटसन मुंबईला बोटीतून उतरतो, तेव्हा त्याची पलटण आधीच खिंडी ओलांडून पुढे गेलेली असते. मग २७ जुलै १८८०च्या मैवंदच्या लढाईत तो जखमी होतो. त्या लढाईत मुंबई लष्कराच्या पलटणीही होत्या. २०१०चा वॉटसनही त्याच देशातून जखमी होऊन येतो. पण इथे लेखकांनी एक जुना घोळही निस्तरला आहे. डॉइलनी पहिल्या पुस्तकात गोळी खांद्यात लागल्याचं लिहिलं आणि १८९०च्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये जखम पायात नेली. मालिकेत गोळी खांद्यालाच लागलेली आहे, लंगडणं मनाचं आहे. म्हणूनच पहिल्याच पाठलागात तो काठी विसरून धावतो.

रसेल स्क्वेअरहून सेंट बार्थोलोम्यू रुग्णालय, म्हणजे ‘बार्ट्स’, पायी अर्ध्या तासावर. ट्यूबने यायचं तर सेंट पॉल्स किंवा बार्बिकन. टॅक्सीवाल्याला ‘वेस्ट स्मिथफील्ड’ सांगा. नुसतं बार्ट्सचं हॉस्पिटल म्हटलं तर त्याच ट्रस्टच्या दुसऱ्या रुग्णालयात पोचायची शक्यता असते. ११२३ साली स्थापन झालेलं हे रुग्णालय होम्स-वॉटसन यांच्या पहिल्या भेटीचं ठिकाण, पुस्तकातही आणि मालिकेतही. इथेच जॉन शेरलॉकला आपला फोन वापरायला देतो आणि पुढे शेरलॉक त्या फोनवरून अख्खं घर उलगडून दाखवतो. ‘साइन ऑफ फोर’मध्ये हे खिशातल्या घड्याळावरून होतं. घड्याळावर आद्याक्षरं कोरलेली, किल्लीच्या भोकाभोवती ओरखडे. रात्री दारू पिऊन थरथरत्या हाताने किल्ली फिरवली की ती घसरते. मालिकेत किल्लीच्या भोकाच्या जागी चार्जिंगचं भोक आलं, ओरखडे तसेच राहिले, कारण दारूने थरथरणारा हात १८९०चा असो की २०१०चा, भोक चुकवणारच. बदललं एकच: घड्याळ वॉटसनच्या थोरल्या भावाचं होतं, फोन हॅरीचा आहे, आणि हॅरी म्हणजे हॅरिएट, बहीण. तिथे शेरलॉक चुकतो. ही चूक घातली नसती तर प्रसंग नुसता उतारा झाला असता.

‘द रायशेनबाख फॉल’ या भागात शेरलॉक मरणाचं सोंग करून उडी मारतो, ती याच इमारतीच्या गच्चीवरून. गिल्टस्पर स्ट्रीटच्या तोंडाशी उभे राहा. रस्ता आणि उंच इमारत यांच्यामध्ये एक बसकी इमारत आहे. जॉनला फोनवर ‘होतास तिथेच थांब’ म्हणून इतकं विनवून का सांगितलं जातं, ते इथे दोन मिनिटांत समजतं. तिथून गच्ची स्वच्छ दिसते, पण तिच्या पायथ्याचा फुटपाथ अजिबात दिसत नाही. दहा-पंधरा पावलं बाजूला सरका, लगेच दिसू लागतो. पुढच्या पर्वात हवेची गादी, सायकलवाला आणि नाडी थांबवायला काखेत दाबलेला चेंडू असा जो उलगडा येतो, तो या एका आडोशावर उभा आहे. पडद्यावर पाहताना मला तो ओढूनताणून आणलेला वाटला होता. जागेवर पाहिल्यावर मत बदललं. रुग्णवाहिकांची वाट अडवून फोटो काढू नका, रुग्णालय चालू आहे.

बार्ट्सहून फ्लीट स्ट्रीट आणि स्ट्रँड धरून चेरिंग क्रॉसकडे चालत गेलात तर पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. बसही आहे, पण हा रस्ता चालण्यासारखा आहे. ज्या ‘स्ट्रँड’ मासिकाने जुलै १८९१मध्ये ‘अ स्कँडल इन बोहेमिया’ छापून होम्सला घरोघर पोचवलं, त्याला नाव दिलं ते या रस्त्याने. मालिकेत मासिकाची जागा जॉनच्या ब्लॉगने घेतली, आणि तारांची जागा एसएमएसने. मूळ होम्स पत्रापेक्षा तार बरी म्हणणारा माणूस, त्यामुळे ही अदलाबदल बिनजोड बसली. दिग्दर्शक पॉल मॅग्विगन यांनी फोनचा पडदा जवळून दाखवण्याऐवजी एसएमएसची अक्षरं थेट चौकटीत तरंगवली. आज प्रत्येक मालिका तसं करते, २०१०मध्ये ते नवं होतं.

नॉर्थम्बरलंड स्ट्रीटवर पहिल्या भागातला खुनी टॅक्सीवाला २२ नंबरला बोलावला जातो. तो पत्ता कथेतला. शेरलॉक आणि जॉन ज्या हॉटेलच्या खिडकीतून रस्ता न्याहाळत बसतात, ते सोहो भागात चित्रित झालं. खऱ्या नॉर्थम्बरलंड स्ट्रीटवर मात्र ‘शेरलॉक होम्स’ नावाचा पब आहे. १९५१च्या ब्रिटन महोत्सवासाठी तयार केलेली होम्सची बैठकीची खोली वरच्या मजल्यावर जपून ठेवली आहे, काचेतून पाहता येते. जेवायचं नसेल तरी वर जाऊन पाहू द्यायला विनंती करा.

आता एम्बँकमेंटहून सर्कल लाइन पकडा आणि चौथ्या स्टेशनला, स्लोन स्क्वेअरला उतरा. दहा मिनिटं चाललं की ईटन स्क्वेअर. ‘अ स्कँडल इन बेलग्रेव्हिया’मधल्या आयरीन ॲडलरचं घर ४४ नंबरचं, पांढऱ्या खांबांचं. मूळ कथेत होम्स धर्मगुरूचं सोंग घेऊन आत शिरतो आणि वॉटसन खिडकीतून धुराचा बाण टाकतो, म्हणजे आग लागली समजून ती लपवलेल्या फोटोकडे धावेल. मालिकेत गळ्यात पाद्र्याची पट्टी आहेच, फोटोऐवजी फोन आहे, आणि जॉन मासिक पेटवून धूर शोधणाऱ्या यंत्राखाली धरतो. घरावरची निळी पाटी ऑस्ट्रियाचे मुत्सद्दी मेटर्निख यांची, ते १८४८ साली इथे राहिले. सकाळी मॅझिनी, दुपारी मेटर्निख. एकमेकांचे हाडवैरी, आणि दोघांच्याही उंबऱ्यावर होम्सचा कॅमेरा लागला. चौकातल्या बागा खाजगी आहेत, फाटकांना कुलूप असतं, फोटो फुटपाथवरूनच.

पुन्हा स्लोन स्क्वेअर, पुन्हा सर्कल लाइन. दुसरं स्टेशन ग्लॉस्टर रोड. १९०८च्या ‘ब्रूस-पार्टिंग्टन प्लॅन्स’मध्ये इथल्याच एका घराच्या मागच्या खिडकीखाली गाडी थांबते आणि प्रेत टपावर ठेवलं जातं. ते पडतं थेट ऑल्डगेटला, जिथे गाडी वळणावर सांध्यांवरून हिसके खाते. ‘द ग्रेट गेम’मध्ये भुयारी गाडीऐवजी दुसरी रेल्वे आली, मेलेल्या कॅडोगन वेस्टचा अँड्र्यू वेस्ट झाला, पण सांधे आणि टप तसेच.

बेजवॉटरला उतरा. सात-आठ मिनिटांवर लेनस्टर गार्डन्स, २३ आणि २४ नंबर. ही घरं नाहीतच. वाफेच्या इंजिनांना धूर सोडायला उघडी जागा हवी होती, म्हणून १८६८च्या रेल्वेसाठी इथली दोन घरं पाडली आणि रांग मोडू नये म्हणून नुसती दर्शनी भिंत बांधली. दारांना पत्रपेटीची फट नाही, खिडक्यांत काच नाही, तिथे नुसता राखाडी रंग आहे. ‘हिज लास्ट व्हाउ’मध्ये शेरलॉक जॉनच्या बायकोला, मेरीला इथे बोलावतो आणि तिचाच चेहरा या भिंतीवर झळकतो. आत, बोळाच्या टोकाला कुणीतरी बसलेलं आहे. १९०३च्या ‘द एम्प्टी हाउस’मध्ये मारेकऱ्याला फसवायला खिडकीत पुतळा ठेवलेला होता. मेरीही तो पुतळाच समजते, आणि तिथे बसलेला असतो जॉन. आधी पुढून पाहा, मग वळसा घालून पोर्चेस्टर टेरेसवर या. भिंतीपलीकडे खाली रूळ आहेत आणि दर्शनी भिंतीची पाठ दिसते, मागून आधार दिलेली.

परत बेजवॉटरहून पॅडिंग्टनच्या दिशेने गाडीत बसा आणि खिडकीजवळ उभे राहा. बेकर स्ट्रीटला जायचं असेल तर एजवेअर रोडला गाडी बदलावी लागते, तोवर वेळ आहे. गाडी सुटली की काळोख, मग एकदम थोडासा दिवस, पुन्हा काळोख. तो उजेड २३ आणि २४ नंबरच्या घरांतून येतो.